थकलेली पोटगी : शरीअतचा आदेश आणि न्यायालयाचा मार्ग

तलाकनंतर इद्दतीचा काळ उलटला की सासरकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'आता आमचे काही देणे लागत नाही.' मेहर उधार राहिलेला असतो, माहेरचे दागिने त्यांच्याच कपाटात असतात आणि न्यायालयाने पोटगी ठरवून दिली असली, तरी दोन-तीन हप्त्यांनंतर ती बंद पडलेली असते. वर, मागावयास गेलेल्या भगिनीलाच 'शरीअत सोडून कोर्टाची पायरी चढलीस' असे सुनावले जाते. हे देणे शरीअतच्या दृष्टीने काय आहे आणि ते बुडवणाऱ्याकडून वसूल कसे करावे, या दोन गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे.

सूरह अल-बकराच्या २४१व्या आयतीत घटस्फोटित स्त्रियांना रीतीप्रमाणे काही देऊन निरोप देणे हा ईशभय बाळगणाऱ्यांवरील हक्क म्हटला आहे. सूरह अत-तलाक (आयत ६ व ७) अधिक तपशिलात जाते : इद्दतीत ऐपतीप्रमाणे निवास द्यावा, गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत खर्च करावा, तिने मुलाला दूध पाजले तर त्याचा मोबदला द्यावा, संपन्नाने आपल्या संपन्नतेनुसार आणि तंगीत असलेल्याने जे मिळाले आहे त्यातून द्यावे. सूरह अन-निसाच्या २०व्या आयतीत पत्नीला दिलेली संपत्ती, मग ती ढीगभर का असेना, परत घेण्यास मनाई आहे. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले असून ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ह. हिंद (र.) यांनी पती पुरेसा खर्च देत नाही अशी तक्रार केली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना 'घरातल्या गोष्टी बाहेर कशाला आणल्यास' असे विचारले नाही. स्वतःला व मुलांना पुरेल इतके रीतीप्रमाणे पतीच्या मालातून घेण्याची त्यांना परवानगी दिली. ती तक्रार संसार चालू असतानाची होती हे खरे. परंतु हक्क मागण्यात लाज नाही, हे त्यातून निर्विवादपणे कळते.

थकबाकीच्या प्रश्नावर फिक्हच्या इमामांत मतभेद आहे आणि तो आपल्या राज्यात विशेष समजून घेण्यासारखा आहे. रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई, तर देशावरील व मराठवाड्यातील बहुसंख्य हनफी. शाफई मतानुसार पत्नीचा न दिलेला नफका आपोआप पतीवरील कर्ज बनतो. हनफी मतानुसार काझीने तो ठरवून दिला असेल किंवा उभयतांनी रक्कम मान्य केली असेल, तरच मागील नफका कर्ज ठरतो. घटस्फोटानंतरच्या भेटीबाबतही (मताअ) शाफई फुकहा ती बहुतेक घटस्फोटित स्त्रियांसाठी वाजिब मानतात. हनफी काही परिस्थितीत वाजिब आणि एरवी मुस्तहब मानतात. मेहरबाबत मात्र कोणाचाही मतभेद नाही. ते शुद्ध कर्ज आहे. पती वारला तर वारसांची वाटणी होण्याआधी ते फेडावे लागते.

इद्दतीनंतर पतीची जबाबदारी उरत नाही, हे अनेक उलेमांचे मत आहे, आणि १९८५ च्या शाहबानो निकालानंतर झालेले आंदोलन याच मुद्द्यावर उभे होते. त्या मताचा आदर ठेवूनही एवढे म्हणावेसे वाटते की, जो मनुष्य हे मत पुढे करतो, त्याने मेहर, इद्दतीचा खर्च व मुलांचा खर्च तरी चुकता केला आहे काय, हे आधी पाहावे. बहुधा केलेला नसतो.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीपुढे प्रामुख्याने दोन दरवाजे आहेत. पहिला १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटावरील हक्कांचे संरक्षण) कायदा. त्याच्या कलम ३ नुसार वाजवी व न्याय्य तरतूद आणि निर्वाहखर्च, मेहर, तसेच लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मिळालेल्या सर्व वस्तू तिला मिळावयास हव्यात. २००१ मध्ये डॅनियल लतीफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ लावला की ही तरतूद इद्दतीच्या आत करावयाची असली, तरी ती पुढील आयुष्याचा विचार करून करावयाची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्येच तसे म्हटले होते. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. आदेश होऊनही पैसे न दिल्यास दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट निघते आणि तरीही काही रक्कम बाकी राहिली, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा दरवाजा म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित मुस्लिम स्त्री याही कलमाखाली पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. स्त्री आज जेथे राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. माहेरी परतलेल्या भगिनीने पतीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. मुलांच्या पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे आणि आईच्या तलाकने तो कमी होत नाही.

तलाक झालाच आहे, असे पतीने जबाबात नुसते लिहिले म्हणून तो सिद्ध होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवून दिले. समेटाचा प्रयत्न झाला होता काय, हा कुरआनचा प्रश्नच न्यायालयाने पतीला विचारला.

बहुतेक भगिनी अडखळतात ते आदेश मिळाल्यानंतर. कागद हाती येतो, पैसा येत नाही. कलम १४४ च्या आदेशासाठी वसुलीचा अर्ज त्याच न्यायालयात करावा लागतो. न्यायालय जप्तीचे वॉरंट काढू शकते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे पतीच्या जंगम व स्थावर मालमत्तेतून वसुली करवू शकते. त्यानंतरही रक्कम बाकी राहिल्यास एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत, कैदेची तरतूद आहे. तुरुंगात जाऊन आलो म्हणजे देणे फिटले, अशी समजूत गावोगाव आहे. ती चूक आहे. कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच तसे म्हटले आहे.

मात्र मुदत पाळली पाहिजे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तरच तिच्यासाठी वॉरंट निघते. समजा दरमहा ६,००० रुपयांचा आदेश आहे आणि दोन वर्षे एक पैसाही आला नाही. एकूण थकबाकी १,४४,००० होईल. पण आज अर्ज केल्यास वॉरंट शेवटच्या वर्षाच्या ७२,००० पुरतेच निघेल. उरलेली रक्कम बुडाली असे नाही. ती इतर मार्गांनी मागता येते, पण वाट लांबते. म्हणून तीन-चार हप्ते थकले की थांबू नये. 'जमातीत बसून मिटवू' या आशेवर वर्ष निघून जाते आणि त्याचा लाभ केवळ थकवणाऱ्याला होतो. एकदा वेळेत अर्ज दाखल झाला की त्यानंतर वाढत जाणाऱ्या थकबाकीसाठी दर वेळी नवा अर्ज लागत नाही, हा २००५ च्या एका निकालाचा दिलासा आहे.

नोकरदार पतीच्या बाबतीत पगारावर बोट ठेवता येते. नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीचे आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतात, असे सांगितले; त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. दिवाणी दरखास्तीत इतर कर्जांपेक्षा पोटगीसाठी पगाराचा मोठा हिस्सा, दोन तृतीयांशापर्यंत, जप्त होऊ शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली आदेश असेल, तर न्यायदंडाधिकारी थेट मालकाला पगारातून रक्कम देण्यास सांगू शकतात. पती दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल, तर तो जेथे असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडूनही आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते. आखातात गेलेल्याचा पगार येथून धरणे कठीण. त्याचे गावातील घर, शेत आणि बँकखाते मात्र येथेच असते.

जमातीच्या पंचांनी केलेला समझोता मोलाचा असतो, पण तो मोडला तर पंचांच्या हाती जप्तीचे अधिकार नसतात. तोच समझोता लोकअदालतीत नोंदवून घेतला की त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते. जमातीच्या जबाबदार मंडळींनी एवढे केले, तरी पुष्कळ भगिनींचे वर्ष-दोन वर्षांचे हेलपाटे वाचतील.

वकिलाच्या खर्चाची चिंता अनेकींना घरी बसवते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते. तेथे जाताना निकाहनामा, तलाकचा काही कागद असल्यास तो, आदेशाची नक्कल (ती भगिनीला विनाशुल्क मिळते), आतापर्यंत आलेल्या रकमा दाखवणारे पासबुक आणि पतीच्या नोकरीचा, जमिनीचा, खात्याचा जो काही तपशील ठाऊक असेल तो एका कागदावर लिहून सोबत न्यावा.