हळदीचा रंग आणि ग्राहकाची पारख

महाराष्ट्रात हळदीवाचून ना रोजचा स्वयंपाक होतो, ना लग्नकार्य पार पडते. मात्र दुकानात हळद घेताना ग्राहक बहुधा दोनच गोष्टी पाहतो : रंग किती गडद आणि भाव किती कमी. ती कोणत्या शिवारात पिकली, पिकावर कोणती औषधे फवारली, काढणी करणाऱ्या मजुराच्या पदरात काय पडले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. हिंगोलीसारख्या हळद उत्पादक जिल्ह्याच्या दृष्टीने ही केवळ आवडीनिवडीची बाब नव्हे. प्रामाणिक उत्पादकाचे भवितव्य आणि बालकांचे आरोग्य या वृत्तीशी निगडित आहे.

पीक आणि परिश्रम

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी वसमत हा तालुका हळदीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. वसमत येथे हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही स्थापन झाले आहे.

हळदीचे पीक आठ ते नऊ महिने शेतात उभे असते. काढणीनंतर कंद शिजविणे, उन्हात वाळविणे व ढोलात घालून पॉलिश करणे ही कामे करावी लागतात. ओल्या हळदीच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्साच वाळलेली हळद हाती येते. कंदमाशी व कंदकूज यांच्या भीतीने रासायनिक औषधांचा अतिरेक होण्याचा संभव असतो. याउलट निरोगी बेणे, पिकांची फेरपालट, पाण्याचा योग्य निचरा, ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशी आणि ठिबक सिंचन यांच्या आधारे जमीन व पाणी राखूनही हे पीक घेता येते. कंद वेचणे, मोडणे व निवडणे या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. समान कामाला समान मजुरी हे तत्त्व १९७६ पासून कायद्यात आहे. ते पाळणाऱ्या शेतकऱ्याचा खर्च साहजिकच अधिक असतो आणि तो मालाच्या भावातून भरून निघाला पाहिजे.

रंगाचा मोह

हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन या घटकामुळे येतो. परंतु भडक रंग म्हणजे उत्तम हळद, असे समीकरण मांडता येत नाही. लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग चोळला की निस्तेज हळकुंडही उजळ दिसते. शिशामुळे बालकांच्या मेंदूच्या वाढीवर दुष्परिणाम होतो आणि त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही. भारतात हळदीत लेड क्रोमेट मिसळण्यास कायद्याने बंदी आहे.

या संदर्भात बांगलादेशाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १९८० च्या दशकातील पुरांनंतर हळद नीट वाळेना. तिचा काळवंडलेला रंग झाकण्यासाठी लेड क्रोमेटचा वापर सुरू झाला आणि ग्राहकांना तोच रंग आवडू लागला. २०१९ मध्ये संशोधकांनी हा प्रकार उघडकीस आणल्यावर शासनाने तपासण्या केल्या, दंड बसविले आणि जनतेला सावध केले. बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते. ते २०२१ मध्ये शून्यावर आले. कायद्याला ग्राहकाच्या जागरूकतेची जोड मिळाली म्हणजे दोन वर्षांतही बाजार सुधारतो, हा त्याचा बोध होय.

चिन्हांचा अर्थ

वेष्टनावरील प्रत्येक चिन्ह वेगळी गोष्ट सांगते. भौगोलिक मानांकन मालाचे मूळ स्थान सांगते. तो सेंद्रिय असल्याचे सांगत नाही. १९३७ च्या कायद्यान्वये दिले जाणारे ‘ॲगमार्क’ चिन्ह प्रतवारी दर्शविते. २०१७ च्या नियमांनुसार आलेले ‘जैविक भारत’ हे चिन्ह प्रमाणित सेंद्रिय अन्नाचे निदर्शक आहे. मजुरांना न्याय्य वेतन मिळाले की नाही, हे मात्र यांपैकी एकही चिन्ह सांगत नाही. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीसाठी न्याय्य व्यापाराचे चिन्ह सुरू झाले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच.

सेंद्रिय प्रमाणपत्र हंगामी पिकाला पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांच्या रूपांतर काळानंतरच मिळते. या काळात उत्पादन घटण्याची शक्यता असते आणि सेंद्रिय मालाचा पूर्ण भाव मात्र मिळत नाही. ‘विषमुक्त अन्न हवे’ असे म्हणणारा ग्राहक दुकानात पुन्हा स्वस्त व भडक पुडीच उचलत असेल, तर शेतकऱ्याने ही दोन वर्षे कोणाच्या भरवशावर काढावीत? नुसत्या सदिच्छेने शेती टिकत नाही. ती टिकते खरेदीने.

गावपातळीवर काय करता येईल?

संघटित खरेदीची परंपरा महाराष्ट्रात आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून एकत्रित मागणीची पद्धत रूढ केली. गावातील महिला बचत गटांना व शिक्षकांच्या पतसंस्थांना याच धर्तीवर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळकुंडे घेऊन डोळ्यांदेखत दळून घेता येतील. मधले टप्पे कमी झाल्याने उत्पादकाला चार पैसे अधिक देणेही परवडेल.

शाळेत एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग येतो; पाणी गडद पिवळे झाल्यास भेसळीचा संशय घ्यावा. ही परीक्षा प्राथमिक स्वरूपाची आहे. अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. शालेय पोषण आहारातील हळदीपासून या तपासणीचा प्रारंभ करणे उचित ठरेल.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत, शिक्षकांनी वर्गात आणि अधिकाऱ्यांनी आपल्या दौऱ्यात ग्राहकाला एकच सवय लावावी : हळद घेताना रंगापूर्वी गाव विचारावे, आणि भावापूर्वी ती कशी पिकविली ते विचारावे. असे विचारणारे ग्राहक वाढतील, तेव्हाच वसमतच्या प्रामाणिक शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचे मोल मिळेल आणि घरातील लेकरांच्या ताटात निर्भेळ हळद पडेल.