नाव गाळले तरी ओळख उरते

प्रश्न : रुग्णांची नावे काढून टाकलेली संगणकीय माहिती संशोधनासाठी खुली केल्यास गोपनीयता अबाधित राहते का?

उत्तर : केवळ नाव गाळल्याने ती राहत नाही, कारण निरनिराळ्या याद्या पडताळण्याचे किचकट काम संगणक क्षणार्धात करतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या निनावी नोंदी संशोधकांना दिल्या, तेव्हा संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २० डॉलरला विकत घेतलेल्या त्याच राज्यातील केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड ताडून १९९७ मध्ये खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. असे तपशील, जे एकेकटे निरुपद्रवी पण एकत्र आल्यास ओळख पटवणारे असतात, त्यांना ‘अर्ध-ओळखचिन्हे’ म्हणतात. म्हणूनच माहिती खुली करण्यापूर्वी जन्मतारखेऐवजी वयोगट आणि पिनकोडऐवजी जिल्हा नोंदवणे हे प्रत्येक संस्थेचे किमान कर्तव्य ठरते.