नकाशातील जवळची वाट

नकाशा व होकायंत्र घेऊन सायकलींची स्पर्धा होते. तिचे पहिले जागतिक अजिंक्यपद २००२ मध्ये फ्रान्सला झाले. तिचाच सराव म्हणून आम्ही पेणहून नागोठणेमार्गे रोह्याला निघालो. नकाशा माझ्या हाती होता. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरील दोन सेंटिमीटर हे जमिनीवरील एक किलोमीटर. अवचितगडाजवळ मी रस्ता सोडून जवळची पाऊलवाट धरली. अंतर मोजले, पण दाटीने आलेल्या समोच्च रेषा मोजल्या नाहीत. दोन रेषांत २० मीटर उंची. दहा रेषा म्हणजे २०० मीटर चढ! सायकली खांद्यावर आल्या, पाणी संपले, धाकट्या सोबत्याला भोवळ आली. आम्ही मागे फिरलो. मित्रहो, आता मी आधी रेषा मोजतो, मग अंतर. आणि वाट ठरवण्यापूर्वी सर्वांत दमलेल्याला विचारतो.