सन्मानपत्र घ्या, चौकाचंही बोला

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. गणेशोत्सवानिमित्त आमच्या मंडळाला सिटी कौन्सिलच्या बैठकीत सन्मानपत्र मिळणार आहे. तेव्हाच शाळेजवळच्या धोकादायक चौकाबद्दल बोलता येईल का? सासरे व्हिसावर आलेत, त्यांनाही मराठीतून बोलायचंय.

उत्तर : बोला, पण सन्मानपत्र घेताना नको. तो समारंभ आहे. त्या कागदाला कायद्याचं बळ नसतं, फोटो मात्र छान येतो! चौकाचा विषय ‘पब्लिक कमेंट’मध्ये, म्हणजे जनतेला बोलण्यासाठी राखलेल्या वेळेत मांडा. ‘ब्राउन ॲक्ट’ या १९५३च्या कायद्यानुसार, नियमित बैठकीत शहराच्या अखत्यारीतल्या कोणत्याही विषयावर जनतेला बोलता येतं. नागरिकत्वाची अट नाही, तेव्हा सासऱ्यांनी खुशाल बोलावं. दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला साधारणपणे किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. सिटी क्लार्कच्या कार्यालयाला आधी कळवा आणि दुभाषा शक्यतो तुम्हीच न्या. आपल्याकडे ग्रामसभेत गावकरी उठून जाब विचारतो, महापालिकेच्या सभेत मात्र शहरवासी प्रेक्षक म्हणून गप्प बसतो. कॅलिफोर्नियात तसं नाही. कौन्सिलवर टीका केली म्हणून तुम्हाला थांबवता येत नाही.

त्याच रात्री निर्णयाची अपेक्षा मात्र ठेवू नका. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर कौन्सिलला सहसा ठराव करता येत नाही. म्हणून मागणी नेमकी करा : ‘हा चौक पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या.’ मिनिटं मोजकीच मिळतात, त्यामुळे आभारांत ती घालवू नका. लेखी निवेदनही क्लार्ककडे द्या.