मधापासून मद्य : किण्वनाचा एक पाठ

बी.एस्सी.च्या वर्गात किण्वनाचे समीकरण फळ्यावर लिहीत होतो, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग घरचे आंबोळीचे पीठ आणि दारू यांत फरक तो काय?" वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला. तासात उत्तर अपुरे राहिले, ते येथे पुरे करतो.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्याचा परवाना 1963 साली रद्द झाला. अमेरिकेत घरगुती बिअरला 1978 च्या कायद्याने करमाफी मिळाली. तेव्हापासून तिकडे हा रीतसर छंद झाला आहे. त्यातले साधे पेय म्हणजे मीड, अर्थात मधाचे मद्य. संस्कृत 'मधु' आणि 'मीड' हे शब्द एकाच मुळाचे.

बरणीतला मध वर्षानुवर्षे आंबत नाही. त्यात पाणी सुमारे 18 टक्केच असते. इतक्या दाट साखरेत यीस्टच्या पेशींतले पाणीच बाहेर ओढले जाते. पाणी घातले की ही अडचण संपते. किलोभर मधात पाणी घालून 4 लिटर द्रावण केले, तर साखर सुमारे 800 ग्रॅम भरते. समीकरणाप्रमाणे 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल व 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. हिशेब करून पाहा : आकारमानाने 13 टक्के येतात. प्रत्यक्षात थोडे कमी, कारण काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी खर्च करते.

मधात नायट्रोजन फार कमी. म्हणून मीड रेंगाळते आणि छांदिष्ट लोक त्यात अमोनियम फॉस्फेट घालतात. बाटलीच्या तोंडाशी पाण्याची नळी बसवतात; वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. हवा मिळाली तर ॲसिटिक जीवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. गोव्यात ताडीचा शिरका होतो तो असाच. साखर शिल्लक असताना बूच घट्ट लावले, तर वायूच्या दाबाने बाटली फुटते. म्हणून द्रवघनतामापक आधी 1.075 च्या आसपास दाखवतो, तो 1.000 च्या खाली येऊन स्थिर होईपर्यंत धीर धरावा लागतो.

हे काम जिवंत पेशींचे, असे पाश्चरने दाखवले. पुढे 1897 साली बुखनरने पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन घडवले. वितंचकांच्या अभ्यासाला तेथून नवी दिशा मिळाली. 1907 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

आता मूळ प्रश्न. आंबोळीच्या पिठात मुख्यतः लॅक्टिक आम्लाचे जीवाणू राबतात, मीडमध्ये यीस्ट. जात एक, कारागीर वेगळे.

पण आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा पाठ पुरा होत नाही. 1981 च्या जुलैत बंगळुरात विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे गेली. तो दोष यीस्टचा नव्हता. दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि दृष्टी जाते, प्राणही जातात. चवीने वा वासाने ते ओळखता येत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय मद्य करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा प्रयोग वहीतच करावा. मात्र गावात कोणी "स्वस्त आहे" म्हणून पेला पुढे केला, तर हा पाठ आठवावा आणि शेजारच्यालाही सांगावा. रसायनशास्त्र शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.