परक्या गाडीचा धक्काशोषक

खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या वाहनाला टायर, स्प्रिंग आणि धक्काशोषक असे तीन आधार असतात. होंडा कंपनीने १९७० साली बाजारात आणलेल्या यूएस ९० या तीनचाकी ए.टी.व्ही.ला स्प्रिंग नव्हती. तिच्या फुगीर टायरांनाच सर्व हादरे सोसावे लागत. पुढे चारचाकी गाड्या आल्या, वेग वाढला आणि मागील धुऱ्यासाठी झुलती भुजा व धक्काशोषक आवश्यक ठरले. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते व लगेच परत करते. ती परत आलेली ऊर्जा शमविणे हे धक्काशोषकाचे काम होय. दट्ट्यातील बारीक छिद्रांतून तेल रेटले जाते आणि त्या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते.

बंगळूरच्या दक्षिणेस असलेल्या आनेकल तालुक्यात तांबडी माती, नाचणीची शेते आणि ग्रॅनाइटचे खडक एकत्र नांदतात. याच तालुक्यात बोम्मसंद्र व जिगणी या औद्योगिक वसाहती आहेत, आणि राज्याची सीमा ओलांडताच होसूर लागते. तेथूनच १९८० साली टीव्हीएस ५० ही मोपेड बाजारात आली. अशा मुलखात लेथ, वेल्डिंग आणि दुचाकीचे सुटे भाग सहज हाताशी येतात. म्हणून ए.टी.व्ही.चा मूळ धक्काशोषक निकामी झाला व तसाच दुसरा मिळेना, तर दुसऱ्या गाडीचा बसविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र भाग जागेवर बसला म्हणजे तो जुळला, असे होत नाही.

पहिले माप लांबीचे. धक्काशोषक मोकळा असताना दोन्ही टोकांच्या छिद्रांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. येथे तरफेचा नियम लागू होतो. चाक २० मिलिमीटर उचलल्यावर धक्काशोषक ८ मिलिमीटर दबत असेल, तर त्यांचे गुणोत्तर ०.४ होय. अशा गाडीत मूळ भागापेक्षा २० मिलिमीटर आखूड भाग बसविला, तर गाडीची मागील बाजू सुमारे ५० मिलिमीटर खाली येते. मग चढावर पुढील चाके हलकी होतात व गाडी मागे उलटण्याचा धोका वाढतो. भाग तितकाच लांब असेल, तर गुरुत्वमध्य वर जातो आणि साखळीचा ताण व कोन बिघडतो.

दुसरे माप धावेचे, म्हणजे दट्ट्या किती सरकतो याचे. धाव अपुरी असेल तर मोठ्या खड्ड्यात धक्काशोषक तळाला आदळतो आणि तो आघात चालकाच्या कण्यापर्यंत पोहोचतो. धाव जास्त असेल तर धक्काशोषक पूर्ण दबण्यापूर्वीच भुजा सांगाड्यावर आपटते.

तिसरी गोष्ट स्प्रिंगच्या ताठपणाची. चाकापाशी जाणवणारा ताठपणा स्प्रिंगचा ताठपणा गुणिले गुणोत्तराचा वर्ग इतका असतो. स्प्रिंग दर मिलिमीटरला १०० न्यूटन असली, तरी वरील उदाहरणात चाकाला ती केवळ १६ न्यूटन वाटते. दुसऱ्या गाडीचे गुणोत्तर निराळे असते. म्हणून तिच्यावर उत्तम चालणारी स्प्रिंग येथे दगडासारखी कठीण किंवा लोण्यासारखी मऊ ठरू शकते. स्प्रिंग बदलल्यास तेलाचा अवरोधही तिला साजेसा हवा. तो कमी असेल तर एका उंचवट्यानंतर गाडी पुन्हा पुन्हा उसळते. फार असेल तर चाक पुढच्या खड्ड्यापर्यंत परत खाली येतच नाही.

जोडकामही तितकेच महत्त्वाचे आहे. १२ मिलिमीटरच्या छिद्रात १० मिलिमीटरचा बोल्ट घातला, तर प्रत्येक धक्क्याला तो हातोड्यासारखा ठोके देतो. अशा ठिकाणी लेथवर अचूक बुश करून घ्यावा व बाजूची फट वॉशरने भरावी. सांगाड्यावरील कान वाकवू नयेत. काही धक्काशोषक उलटे बसविल्यास त्यांतील हवा झडपांत शिरते व अवरोध नाहीसा होतो. दाबाखालील नायट्रोजन असलेल्या धक्काशोषकाला वेल्डिंगची आच लागू देऊ नये, तसेच शिकंजाशिवाय स्प्रिंग सोडवू नये.

शेवटी स्प्रिंग काढून, गाडी ठोकळ्यांवर भक्कम टेकवून, भुजा सर्वांत खालच्या स्थितीपासून सर्वांत वरच्या स्थितीपर्यंत सावकाश हलवून पाहावी. टायर, साखळी, ब्रेकची नळी व धुराडे यांना कोठेही स्पर्श होता कामा नये. स्प्रिंग चढविल्यावर, चालक बसला असता मागील बाजू एकूण चालीच्या सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाली यावी. त्यानंतर मोकळ्या शेतात मंद वेगाने चालवून पाहावे व बोल्ट पुन्हा आवळावेत. यांपैकी एकही माप जुळत नसेल, तर तो भाग परत करणेच शहाणपणाचे. त्याची किंमत पुन्हा मिळविता येते. उलटलेल्या गाडीखाली सापडलेल्या माणसाची भरपाई होत नाही.