रोजचा मान्ना रोज वेंचावा

वाचावयाचा भाग : निर्गम, अध्याय 16



इस्राएल लोक मिसर देशांतून निघून रानांत आले, तेव्हां देवानें त्यांस मान्ना दिला. तो देण्याची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. माणशीं एक ओमर एवढाच तो रोज गोळा करावयाचा होता. ऊन तापलें कीं तो वितळून जाई, म्हणून सकाळींच उठावें लागे. कित्येकांनीं आज्ञा मोडून तो दुसऱ्या दिवसाकरितां ठेविला, तर त्यांत किडे पडले व त्यास घाण सुटली. शब्बाथाच्या आदल्या दिवशीं मात्र दुप्पट मिळे व तो टिके. वर्षभराचें धान्य एकदम देणें देवास अशक्य होतें काय? मुळींच नाहीं. परंतु मग लोकांचे डोळे कोठाराकडे लागले असते, देणाऱ्याकडे नव्हे.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळदां ह्याच्या उलट चाल दिसते. रविवारीं उपासनेस यावें, गीतें गावीं, उपदेश ऐकावा आणि तेवढ्यावर सहा दिवस काढावे. पाळकाची फेरी लांबली तर तेंही नाहीं. मग घरांत दुखणें आलें, सावकाराचा तगादा लागला, किंवा भाऊबंदांनीं संबंध तोडले, म्हणजे विश्वास डळमळूं लागतो. आठ दिवसांच्या शिळ्या भाकरीवर आज कोण नांगर धरील?

दानीएलाकडे पाहा. राजाची मनाई झाल्यावर त्यानें प्रार्थना सुरू केली असें नाहीं. पूर्वीं करीत असे तशीच, दिवसांतून तीन वेळां, गुडघे टेकून केली. सिंहांच्या गुहेंत जें धैर्य दिसलें तें माडीवरच्या खोलींत रोज थोडें थोडें सांठलें होतें. कफर्णहूमांत संध्याकाळीं सारें नगर प्रभु येशूच्या दाराशीं लोटलें. तरी दुसऱ्या दिवशीं पहाटे, अंधार असतांच, तो एकांतीं जाऊन प्रार्थना करूं लागला. काम फार म्हणून त्यानें प्रार्थना सोडली नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें शेंकडों मुलींचा व विधवांचा सांभाळ करीत संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, व 1922 सालीं निधनापूर्वीं तें पुरें केलें. एवढें कार्य रोजच्या नियमावांचून झालें नसतें.

येथें एक सावधगिरी सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. हा नियम म्हणजे पुण्याचा सांठा नव्हे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घराण्यांत व्रतें होतीं, व एक दिवस चुकला कीं व्रत मोडलें अशी भीति असे. ख्रिस्ती नियम तसा नाहीं. मान्ना कोणी पेरला नव्हता, तो देवाच्या कृपेनें पडत होता. परंतु वांकून वेंचावा मात्र लागे. एक सकाळ चुकली तर दुसऱ्या सकाळीं पुनः पात्र घेऊन निघावें.

आरंभ थोडक्यानें करावा. वेळ व जागा ठरवावी. मार्काच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. रोज एक वाचला तर 16 दिवसांत तें पुरें होतें. पेरणी-कापणीच्या घाईंत पांचच वचनें वाचावीं, पण सोडूं नये. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावें, आणि एक वचन पाठ करून शेतांत, विहिरीवर मनांत घोळवावें. रात्रीं कुटुंबानें एकत्र बसून आभार मानावे, व दिवसा कोणाशीं तंटा झाला असल्यास तो मिटविल्यावांचून निजूं नये.

उपदेशक बंधूंस एवढेंच सांगणें कीं, दुसऱ्यांस वाढण्यासाठीं शास्त्र उघडणें निराळें, आणि स्वतः जेवण्यासाठीं उघडणें निराळें. उपाशी वाढप्याचे हात पंगत उठण्यापूर्वींच थरथरूं लागतात.

येत्या रविवारीं भेटूं तेव्हां, उपदेश कसा झाला एवढेंच न विचारतां, ह्या आठवड्यांत काय वेंचलें, हें एकमेकांस प्रीतीनें विचारूं या.